डब्यातले वाळे

नाही गं, अशी कशी नेशील — बस ना जरा, बस. ती खुर्ची नको, हलते ती, दिवाणावर बस. आणि मी नाही म्हणतेय का? तुझ्या ताईच्या पोराची वस्तू, तुझी ताई मागतेय, मी कोण नाही म्हणणारी — पण अशी काळी देऊ का तुझ्या हातात? तूच सांग, क्षमा. हे वाळे बघ, आणि हा करदोटा बघ, तव्याच्या बुडासारखा झालाय. हे तू बोरिवलीला नेऊन शीतलसमोर उघडलंस तर ती काय म्हणेल? काही म्हणणार नाही. माझी सून बोलत नाही, नुसती बघते. तेच नको मला. चांदीचं काय, नाही हाताळली की पडते काळी, सगळ्यांकडे पडते, तुमच्याकडे पण पडत असेल — नाही पडत? बरं. नसेल पडत.

कपडे भरून ठेवलेत त्या पिशवीत, स्वेटर पण टाकलाय, तिकडे जंगल आहे ना तुमच्या मागे, गार पडत असेल. सायकल मात्र तुला एकटीला झेपणार नाही, ती राहू दे — राहू दे ना एवढी एक. चांदीचं मला कळलं नाही, खरं सांगू? शीतलचा मेसेज आला, क्षमा येतेय, सम्यकचे कपडे आणि चांदी दे. कपडे समजू शकते मी. पण चांदी न्यायला माणूस पाठवतात म्हणजे — नाही नाही, तू मनावर घेऊ नकोस, तुला पाठवलंय म्हणून आलीस तू. मी आपली बोलते. दिवसभर तोंड बंद असतं ना, माणूस दिसलं की सुटते मी.

आता बघ, पाणी ठेवलंय उकळायला, चहा होईस्तोवर हे पण होतं. शिकून घे, तुला पण लागेल उद्या. हा फॉइलचा कागद — शीतलचाच, डब्यात चपात्या गुंडाळायची ती, अर्धा रोल इथेच राहिला. पातेल्यात खाली पसरायचा, चमकती बाजू वर, आणि त्यावर वस्तू मांडायची — कागदाला टेकली पाहिजे हं, अधांतरी राहिली की तेवढाच भाग काळा राहतो. मग खायचा सोडा, थोडं मीठ, आणि वरून उकळतं पाणी. घासायचं पण नाही. आधी मी टूथपेस्टने घासायचे, पण चरे पडतात, आणि घुंगरात पेस्ट जाऊन बसते, मग वाजत नाही ते. चिंचेने करून बघितलं, रांगोळीने करून बघितलं. हे फॉइलचं मला चौथ्या मजल्यावरच्या कमलने दाखवलं, तिच्याकडे पण सगळं काळं — तिच्याकडे पण पडतं असं कधी कधी. तिची जोडवी. तिच्या देवाची समई. पडतं म्हणजे, पडतं.

खिडकी नको उघडूस गं! नको, राहू दे. पंखा वाढवते मी, थांब. दुपारी तसं काही नसतं, पण सवय लागलीये बंद ठेवायची. तू काय, तो डोंगर बघतेस? नवीन माणूस आलं की पहिलं त्या काचेशीच जातं. डोंगर कुठला, कचऱ्याचं डंपिंग आहे ते. वर त्या घारी. लांब आहे गं, दिसतं जवळ. आणि हे सगळे म्हणतात ना हवा, हवा — अगं आम्ही घाटकोपरला नाल्याकाठी राहायचो, तिथे काय अत्तर शिंपडलेलं होतं? पावसात चूल पाण्यात जायची, माझ्या धम्मपालला माळ्यावर बसवून मी खाली भांडी धरत फिरायचे. तिथून उचलून आम्हाला हे घर मिळालं. सातवा मजला, नळ घरात, संडास घरात, दाराला स्वतःचं कुलूप. तुझे वडील बघायला आले तेव्हा पहिला प्रश्न काय विचारला त्यांनी? घर स्वतःचं आहे का. आहे म्हटलं, ताठ मानेने म्हटलं. खिडकीतून काय दिसतं ते कुणी विचारलं नाही. मी नवा पडदा लावलेला त्या दिवशी, जाड, मरून रंगाचा. तुला आठवतोय? तू फ्रॉक घालून आलेलीस.

झालं, पाणी झालं. सरक जरा, अंगावर उडेल. हं — बघ कसं फसफसतंय. आता थोडा वेळ असंच सोडायचं.

हे कशाचे केलेत, सांगितलं का शीतलने कधी? माझ्या सासूच्या तोड्यांचे. जालन्याकडची बाई, पायात हे असे जाड तोडे, चालायला लागली की गल्लीला कळायचं. मुंबईला आली, खडी फोडली, घरातलं भांडं न् भांडं गेलं, पण तोडे नाही काढले पायातनं. मेली तेव्हा मी काढले. आणि सम्यकचं नामकरण ठरलं तेव्हा सोनाराकडे जाऊन म्हटलं, याचे वाळे कर, वाढते कर, पोरगं मोठं होईल तसे मोठे करता आले पाहिजेत, आणि उरेल त्याचा करदोटा कर. धम्मपाल किती चिडला — आई, हे काय काढलंस, दागिने कशाला पोराला, आपण सोडलं ना हे सगळं. सोडलंच आहे! देव सोडले, धागेदोरे सोडले, त्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, त्यांच्यासमोर बोलतेय मी. पण चांदीचं तसं नाही. चांदी थंड असते, ती अंगातली उष्णता ओढून घेते, आजार ओढून घेते. हे काय देवाधर्माचं नाही, हे शास्त्र आहे. माझी सासू सांगायची, पोराच्या अंगावरची चांदी काळी पडली की घाबरायचं नाही, तिने तिचं काम केलं असं समजायचं. मग धुवायची आणि परत घालायची, की परत ओढते. तेच करत होते ना मी! काळी पडली की धू, काळी पडली की धू. रोज धुवायचे.

म्हणजे रोज नाही गं, बोलायची पद्धत. एक दिवसाआड म्हण. शीतल सातला कामावरून यायची, ती यायच्या आत आपली — आत म्हणजे, दुपारी मोकळी असते ना मी, म्हणून दुपारी. तू काय अशी बघतेस? अगदी ताईवर गेलीस.

बरं ते जाऊ दे, समू कसा आहे ते सांग. फोनवर काय दिसतं, नुसतं कपाळ दिसतं त्याचं. जेवतो? भेंडी खातो? माझ्याकडे नाही खायचा. आणि खोकला? नाही, म्हणजे रात्री — रात्री पण नाही? अजिबात? असं कसं होईल, एखाद वेळी येत असेल, तू झोपलेली असशील. पळताना? जिना चढताना? ... बरं. बरं झालं की. चांगलंच झालं. मी काय, त्याला खोकला असावा असं थोडंच म्हणतेय. मला विचारतो का? खरं सांग हं, मी वाईट नाही वाटून घेणार. विचारतो? काय विचारतो, नीट सांग ना, त्याच्याच शब्दात सांग. 'आजी फोनमधून बाहेर कधी येणार'? ... थांब हं. काही नाही, खोकला आलाय. माझा काय घेऊन बसलीस, फोडणीचा आहे. जुनाच आहे. मला काही होत नाही.

एक विचारू? तू मध्ये पडलीस तर शीतल ऐकेल. तू लहान आहेस पण तुझं ऐकते ती, मला माहितीये. तिला म्हण, आठवड्यातून दोन दिवस पाठव त्याला. शनिवार-रविवार. धम्मपाल सोबत असेल. धम्मपाल तर आता इथे येतच नाही झोपायला, तिकडून ड्युटी जवळ पडते म्हणतो. बोरिवलीहून जवळ पडते म्हणे! कुठून कुठे जवळ पडते ते मला कळत नाही का? दोन दिवस पाठवा म्हणावं, मी खिडकीला टेप लावेन सगळीकडून, दाराखाली ओलं फडकं घालेन, बाहेर नेणारच नाही त्याला. आणि हे बघ, हे पांढरं करून देतेय ना मी — हे तिला दाखव. काळं पडतं, पण निघतं. निघतं की नाही? बघ, त्या कडीचं निघायला लागलं. म्हणजे काही कायमचं नसतं ते.

सांगितलंच असेल तिने तुला, त्या खेळण्यातल्या अस्वलाचं. सगळ्यांना सांगितलं असणार. मग माझ्याकडून पण ऐक, कारण तिने मला तेव्हा विचारलंच नाही, विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. दुपारचं व्हायचं त्याला. खेळता खेळता बसायचा खाली, आणि श्वास घेताना इथे — इथे बरगड्यांमध्ये खड्डा पडायचा. मी उचलून न्यायची खालच्या दवाखान्यात. लिफ्ट बंद असली तर जिन्याने न्यायची, या गुडघ्यांनी. तिथे तो वाफेचा मास्क लावायचे, भर्रर्र आवाज करायचं ते मशीन, की पोरगं हळूहळू मोकळं व्हायचं. माझ्या मांडीवर बसून मास्क स्वतः धरायचा, शहाणा. आणि वर येताना मी सांगायचे, मम्मीला नाय सांगायचं हं समू, मम्मी रडेल. नाही सांगायचा! एवढासा जीव, पण शब्द पाळायचा. संध्याकाळी ती आली की हसत जायचा दाराशी, हे घुंगरू वाजवत. पांढरेशुभ्र असायचे तोवर, मी धुतलेले असायचे. तिला काही दिसायचं नाही.

मग त्या रविवारी — मी इथे ओट्याशी, ती तिथे कपड्यांच्या घड्या घालत होती. हा खाली बसलेला. त्याने अस्वल घेतलं मांडीवर, स्टीलची वाटी घेतली, अस्वलाच्या तोंडाला लावली, आणि भर्रर्र केलं. बराच वेळ केलं. मग त्याच्या कानाशी जाऊन म्हणाला, मम्मीला नाय सांगायचं हं. मी वळले तर शीतल माझ्याकडे बघत होती. हातात त्याचीच चड्डी, अर्धी घडी घातलेली. उठली, पिशवी काढली, आणि त्या घड्या तशाच पिशवीत भरल्या.

का लपवलं म्हणजे? आता तू पण विचार. अगं ती आधीपासून म्हणत होती भाड्याने बघू कुठेतरी, इथे नको. तिला कळलं असतं तर ती घेऊन गेली असती त्याला. आणि गेलीच ना घेऊन? मग मला जे वाटत होतं ते काय चुकीचं होतं? आणि मला वाटायचं चांदी ओढतेय सगळं, जितकी काळी पडतेय तितकं बाहेर येतंय, आज एवढं आलं, उद्या कमी येईल. मी तर खूश व्हायचे काळी बघून. म्हणायचे, चला, एवढं निघालं माझ्या बाळाच्या अंगातलं.

उलटते आता. चिमटा दे तो. हे बघ, हा वाळा बघ — आहे का डाग कुठे? आणि तो कागद बघ, कसा काळपट पडला, सगळं त्याच्यावर — काय? वास? हां, येतो जरासा वास, सोड्याचा असतो. नाही? अंड्याचा... हो गं, कुजक्या अंड्याचा येतो खरा. मला नाक राहिलं नाही आता, तुम्हाला बाहेरच्यांना लगेच कळतं. थांब, वाकून बघते.

हा तर तो वास आहे. संध्याकाळी वारा फिरला की येतो ना, खिडकीतून — तोच. पातेल्यातून येतोय.

इतक्या वेळा धुतलं मी हे, आणि मला कधी — घरभर तोच असायचा ना, पातेल्यातला वेगळा कसा कळणार. कमलकडे पण हाच येतो का विचारायला पाहिजे. नाही, पण तसं कसं होईल. चांदी समूच्या अंगावर होती. अंगातलं ओढून घेतलं म्हणून ती काळी पडत होती. मग पोराच्या अंगातून डंपिंगचा वास कसा येईल?

काय म्हणालीस? कधी काढलं अंगावरचं? त्याच दिवशी. रविवारीच. सकाळी आंघोळ घालताना काढलं आणि याच पातेल्यात टाकलं. मग ते अस्वलाचं झालं, ती तशीच गेली त्याला घेऊन, हे पातेल्यातच राहिलं. ते गेल्यावर मी काढलं, पुसलं, पंख्याखाली वाळवलं. पांढरं होतं. अगदी कालच सोनाराकडून आणल्यासारखं, मी खिडकीशी नेऊन बघितलं ना, एक डाग नव्हता. कापसात गुंडाळलं, त्याच्या दुधाच्या पावडरीच्या डब्यात ठेवलं, डबा कपाटात, माझ्या साड्यांच्या खाली. म्हटलं येईल तेव्हा घालायला तयार असू दे. त्यानंतर आज उघडला डबा, तुझ्यासमोर.

कापूस ओला राहिला असेल. नाही तर डब्याला गंज असेल आतून — दे तो डबा, दे इकडे. नाही. गंज नाही. कापूस पण बघ, कोरडा आहे. वरून पिवळा पडलाय फक्त.

क्षमा, मग हे काळं कशाने झालं? मगाशी तू आलीस तेव्हा मी उघडला आणि म्हटलं चांदी पडते काळी, बोलून गेले, तोंडाला सवय आहे ना तसं बोलायची. पण ही कुणाच्या अंगावर होती? कुणाचं ओढलं हिने? डब्यात बसून कुणाची उष्णता ओढली? माझ्या साड्यांना आजार होता?

आणि बोरिवलीत तो खोकत नाही. जिना चढतो.

म्हणजे त्याच्यातून काही निघत नव्हतं गं. त्याच्यात जात होतं. बंद कपाटात, बंद डब्यात, कापसाच्या आत शिरून जे चांदी काळी करतं, ते — आणि मी त्याला इथे घेऊन बसले होते. मांडीवर. दुपारच्या दुपार. खिडकी बंद करून. वर चांदी धूत होते, की सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. ती चांदी तर सांगत होती मला. रोज सांगत होती, आणि मी रोज पुसून टाकत होते.

नाही, पाणी नको मला. हात नको लावूस, मी ठीक आहे. बस खाली. नाही, बसू नकोस, ऊठ. ऊठ तू. हे घे — थांब, पुसू दे, ओलं नाही द्यायचं — हा रुमाल चांगला आहे, यात बांधते, वर ही प्लास्टिकची पिशवी, दोन गाठी मारते. इथे उघडू नकोस. रिक्षात पण उघडू नकोस. घरी जाऊनच उघड, आणि त्याच्या पायात तू घाल, शीतलला वेळ नसेल तर तू घाल. डाव्या वाळ्याचं एक घुंगरू वाजत नाही, ते आधीपासूनच नाही वाजत, माझ्या टूथपेस्टने झालंय, त्याला सांग आजीने केलं.

आणि मगाशी मी बोलले ना, शनिवार-रविवारचं, ते सांगू नकोस. नाही, ऐक माझं — नाही सांगायचं. टेप काय आणि ओलं फडकं काय, वेडी आहे मी. शीतलला सांग, रत्नप्रभाने — आईंनी सांगितलंय म्हणून सांग, त्याला इकडे आणायचं नाही. वाढदिवसाला नाही, मी आजारी पडले तर नाही, मी मेले तरी दारापर्यंत नाही आणायचं. धम्मपालला पण सांग, राहा म्हणावं तिकडेच. सायकल मी पाठवते कुणाबरोबर तरी.

मी? मी कशाला येऊ बोरिवलीला. तुमच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसं. आणि हे घर कुणी बघायचं, स्वतःचं घर आहे. माझं राहू दे, सांगितलं ना, मला काही होत नाही. त्याला फोन कर म्हणावं, मी कपाळ बघेन.

पडदा बघ, हललाय. एवढं सगळं बंद करून पण हलतो तो. वारा फिरला. चल, निघ आता — चप्पल बाहेर जाऊन घाल, इथे वेळ नको घालवूस. पिशवी धर, छातीशी धर. जा गं, जा ना! दार मी लावते.